मोरचुदाचं घमेलं

"पाय बुडवा, मंग समोर चला."

हात आडवा करून काका हे म्हणायचे, आणि समोरचा माणूस कोणीही असो, थांबायचा. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. माणसं अडवायची आणि पुढे सरकवायची सवय हाताला होती. निवृत्त झाल्यावर मेडशीत त्यांनी डाळिंब लावलं. माझी तूर त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून, त्यामुळे सगळा तमाशा मला फुकटात दिसायचा.

बागेच्या फाटकाशी मोरचुदाच्या निळ्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही. कारण एकच, तेल्या. डाळिंबवाल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. डोळ्यांना न दिसणारा जिवाणू पानात, फळात शिरतो. आधी तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग, मग तो काळा पडतो, शेवटी फळ तडकतं. छाटणीच्या कात्रीवरूनही तो या झाडावरून त्या झाडावर जातो. म्हणून काका प्रत्येक झाडानंतर कात्री औषधाच्या पाण्यात बुडवायचे. त्यांची एक ओळ छाटून होईस्तोवर पहिल्या झाडाला पुन्हा फुटवे येतील, असं आम्ही म्हणायचो.

"हासा," ते म्हणायचे. "तोबी हासूनच राह्यला असन."

तो म्हणजे तेल्या. त्याच्याबद्दल ते कायम विनातिकीट प्रवाशाबद्दल बोलावं तसं बोलत.

काकांच्या मुलीला पाहायला जऊळक्याकडचे पाहुणे आले तेव्हाची गोष्ट. चहापोहे झाले, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडले, आणि मुलाच्या वडिलांनी बाग पाहायची इच्छा दाखवली. मी सोबत होतो. त्या पाहुण्यांच्या पायात कोरे पांढरे बूट. मी काकांना डोळ्यांनी खुणावलं, आज राहू द्या. काकांनी हात आडवा केला.

पाहुणे आपल्या बुटांकडे पाहत राहिले. "काहून?"

"तेल्या येते, भाऊ. तुमच्याकडं डाळिंब हाय काय?"

"हाय."

"मंग तेल्या?"

मोडलं लग्न, मी मनात म्हटलं. तुमच्या घरात काही रोग आहे का, असं विचारल्यासारखंच ते. मागून येणाऱ्या काकू जागीच थबकल्या.

पाहुणे हळूच म्हणाले, "अर्धी बाग गेली. कोणाले सांगतलं नाही अजून." आणि बुटांसकट दोन्ही पाय घमेल्यात घातले.

त्यानंतर दोघे धुऱ्यावर बसले ते उठेचनात. डाग पहिल्यांदा कुठल्या झाडावर दिसला, काय काय फवारलं, पाहुणे सांगत होते आणि काका ऐकत होते. शेवटी मुलगीच शोधत आली.

"बाबा, ते लोकं गाडीत बसले. तुमचं काय ठरलं?"

"कशाचं?" काका म्हणाले.

लग्न झालं. बुटांचा निळा रंग काही गेला नाही. व्याही तेच बूट घालून मांडवात मिरवले.

पुढच्या पावसाळ्यात काकांच्या बागेत तेल्या आलाच. "इवायानं आहेरात देला," पारावर कोणीतरी व्याह्यांवरून टोमणा मारला. एरवी थट्टा पचवणारे काका त्या दिवशी उठून उभे राहिले. "वाऱ्यापाण्यानं आला तो. माह्या इवायाचं नाव घ्याचं नाही."

गेल्या वर्षी काका गेले. बागेच्या जागी आता सोयाबीन असतं. मला ते आठवतात ते बाग काढली त्या दिवशीचे. दोन हंगाम झुंजून त्यांनी झाडं उपटायचं ठरवलं होतं. न बोलावता व्याही सकाळच्या एसटीनं आले. दोघांनी मिळून मुळं खणली, फांद्या ओढल्या, ढीग पेटवला. काका त्याच्याकडे पाठ करून बसले. व्याह्यांनी एक काळं पडलेलं, तडकलेलं फळ उचललं, आतले चार चांगले दाणे निवडून काकांच्या तळहातावर ठेवले. काकांनी ते सावकाश चावले.

"गोड होती बाग," ते म्हणाले.

धूर त्यांच्याच अंगावर येत होता. दोघांपैकी कोणी जागा सोडली नाही.