जिंतूरला पोचलेली टिकली

फळ्यावर स्वतःच्याच हातानं लिहिलेलं उत्तर बघून माझ्या हातातला खडू पडला, तो दिवस विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही.

नामांतराच्या आंदोलनाचं वर्ष होतं. कधी बंद, कधी संचारबंदी, एस.टी. निघाली तर निघाली. आमच्या शाळेची सहल रद्द झाली. मी तिथं गणित शिकवायचो आणि दुसरं कोणी मिळेना म्हणून पी.टी.सुद्धा घ्यायचो, म्हणजे सायकलवर बसून शिट्टी वाजवायचो. सहल बुडाली म्हणून पोरं तोंड पाडून बसली, तेव्हा मला कल्पना सुचली. गाडी नाही तर नाही, मैदानातच धावत परभणी जिल्ह्याला प्रदक्षिणा घालू! रोज सकाळी दहा चकरा. जितकं अंतर होईल तितकी ऑफिसातल्या नकाशावर एक लाल टिकली पुढं सरकवायची. परभणी, पोखर्णी, गंगाखेड, सोनपेठ असं करत जिंतूर, हिंगोली, पूर्णा, परत परभणी. नकाशावर दोरा ठेवून मोजलं, साडेतीनशे किलोमीटर भरले.

टिकली नववीतल्या एका मुलीनं दिली. कपाळावरचीच काढून दिली आणि विचारलं, "सर, आमी पण धावायचं का?"

प्रश्न साधा नव्हता. मैदान मुलांचं. पी.टी.च्या तासाला मुली व्हरांड्यात बसून शिवण करायच्या, ही शाळा निघाल्यापासूनची रीत. शाळा समितीचे अध्यक्ष गावातले मोठे शेतकरी, सगळे त्यांना मालक म्हणायचे. मी भीत भीत त्यांच्याकडं गेलो. ते ऐकता ऐकता सुपारी कातरत होते.

"प्रदक्षिणा म्हणता ना? मंग पुण्याचं काम हाय. धावू द्या पोरींना. पर एक सांगतो सर, प्रदक्षिणा पुरी झाली की पुन्ना व्हरांड्यात. मैदानाची सवय नको."

मी लगेच हो म्हणालो.

आता मैदान मोजायचं. मी माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाला चिंधी बांधली आणि सायकल ढकलत मैदानाला चक्कर मारली. चाकाचे एकशे ब्याऐंशी फेरे भरले. चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत पट्टी लावली, पस्तीस सेंटीमीटर. गुणाकार तोंडी केला आणि ऐटीत जाहीर केलं, "एक चक्कर म्हणजे दोनशे मीटर. रोज दोन किलोमीटर!"

पंधरा ऑगस्टनंतर सुरुवात झाली. टिकली पोखर्णीला पोचली त्या शनिवारी मुख्याध्यापकांनी तिथल्या नरसिंहाच्या नावानं नारळ फोडला. पोरं मात्र घामानं निथळायची, पोटऱ्या धरून बसायची. मी सायकलवरून ओरडायचो, "अरे, दोन किलोमीटरला धाप? तुमच्या वयात आम्ही..." माझ्या वयात मी काय करत होतो हे सांगायची वेळ कधी आली नाही, कारण एक दिवस मीच धावायला उतरलो आणि तिसऱ्या चकरेला डोळ्यांपुढं काजवे चमकले. सहाशे मीटरला! चौतिसाव्या वर्षीच म्हातारपण आलं असं समजून मी संध्याकाळी च्यवनप्राशची बरणी घेऊन घरी गेलो. बायकोनं बरणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बरणी फळीवर अगदी मागं सारून ठेवली. ते जास्त लागलं.

मुली मात्र एक दिवस चुकल्या नाहीत. ताप असला तरी यायच्या. टिकलीवाली सगळ्यांत पुढं.

जानेवारीत टिकली जिंतूरला पोचली, म्हणजे निम्मा जिल्हा. त्याच आठवड्यात नववीला वर्तुळाचा परीघ शिकवायचा होता. मी म्हटलं, पुस्तकातलं उदाहरण कशाला? आपलंच मैदान घ्या. चाकाची त्रिज्या पस्तीस, फेरे एकशे ब्याऐंशी. सांगा अंतर!

एकही हात वर नाही. मुलांचं एक वेळ ठीक, पण मुलींच्या बाजूनं अशी शांतता की भिंतीवरची पाल ऐकू यावी.

"काय हे! एवढं सोपं गणित येईना?" असं म्हणत मीच फळ्याकडं वळलो. त्रिज्येची दुप्पट, गुणिले बावीस, भागिले सात. दोनशे वीस सेंटीमीटर. गुणिले एकशे ब्याऐंशी.

चारशे मीटर.

खडू पडला तो तेव्हा. मैदान मोजताना त्रिज्येची दुप्पट करायचं मी विसरलो होतो. गणिताचा मास्तर! पोरं रोज चार किलोमीटर धावत होती आणि मी वरून त्यांनाच टोमणे मारत होतो. मनात पुढचा हिशेब आपोआप झाला. टिकली जिंतूरला असेल, पण आम्ही परभणीला परतलोसुद्धा होतो. प्रदक्षिणा पुरी झाली होती.

मागून आवाज आला, "सर, पुसा ते."

टिकलीवाली उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"आमा सगळ्यींना. पयल्याच आठवड्यात शिवणाच्या टेपनं मोजलं. दीड मीटरच्या दोनशे सदुसष्ट टेपा भरल्या."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर व्हरांड्यात बसावं लागलं असतं, सर."

पाच महिने या पोरी माझी चूक पदराआड लपवून दुप्पट धावत होत्या, धावायला मिळावं म्हणून.

तेवढ्यात व्हरांड्यात वहाणा वाजल्या. मालक! मी बाहीनंच फळा पुसला. ते दारात उभे राहिले, पांढऱ्या फटक झालेल्या माझ्या बाहीकडं बघत.

"काय सर, कुठवर आली प्रदक्षिणा?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. टिकलीवाली अजून उभीच होती.

"जिंतूर, मालक. निम्मी राहिली."

"आन् फळ्यावर काय व्हतं?"

"उत्तर चुकलं होतं."

"मास्तरचं?" ते हसले. "बरं, चालू द्या. पुरी झाल्याबिगर सोडू नका."

वहाणांचा आवाज लांब गेला तेव्हा कुठं टिकलीवाली खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल व्हरांड्याला टेकवली आणि पोरांबरोबर धावलो. तिसऱ्या चकरेला बसलो. मुली माझ्या शेजारून हसत पुढं गेल्या, हिंगोलीच्या दिशेनं. मी धापा टाकत त्यांना सांगायला गेलो की हे सहाशे नाहीत, बाराशे मीटर आहेत. पण ते त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं.