गॅल्व्हेस्टनला गेलेलं डुक्कर

शुगर लँडहून आम्ही निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि हवा इडलीपात्रातून नुकतीच काढल्यासारखी होती. ह्यूस्टनच्या या उपनगरात उन्हाळ्यात माणूस आंघोळ करून दाराबाहेर पडला की पुन्हा आंघोळीला जातो. काही जण म्हणे गेल्या जूनपासून न्हाणीघरातून बाहेरच आलेले नाहीत.

गाडीत आम्ही तिघं: तेलकंपनीतून निवृत्त झालेले माझे वसंतकाका, सुमनकाकू आणि कोल्हापूरहून महिनाभरासाठी टपकलेली मी. आणि आम्हाला पोटात घेऊन चाललेलं डुक्कर.

डुक्कर म्हणजे गाडीच. इटलीतली जुनी फॅमिली कार. तिकडचं नाव 'मिलेचेंतो', म्हणजे अकराशे. इंजिन खरं तर एक हजार एकोणनव्वद सीसीचं. इटालियन माणसाने वरचे अकरा दडपून सांगितले, म्हणजे थापांच्या घराण्यात ते आमचे गुरुबंधू. पन्नाशीच्या दशकात ती मुंबईत जुळवली जाऊ लागली आणि तिचं फुगीर नाकाड बघून आपल्या लोकांनी लगेच बारसं उरकलं: डुक्कर! पुढे तिच्याच कुळातल्या धाकट्या बहिणीला एका राणीचं नाव मिळालं, तिची टॅक्सी झाली, सिनेमात कामं मिळाली. थोरली मात्र डुक्करच राहिली. गिअर स्टीअरिंगला, पुढचे दरवाजे उलटे उघडणारे. काकांना ही टेक्सासातल्या एका गोठ्यात मिळाली, मागच्या सीटवर अंडी उबवणाऱ्या कोंबडीसकट.

या सहलीमागे एक अट होती. काका-काकू आता लहान घरात जाणार होते आणि तिथलं गॅरेज एकाच गाडीपुरतं होतं.

"गॅल्व्हेस्टनच्या समुद्रावर जायचं आणि स्वतःच्या चाकांवर घरी यायचं," काकूने बजावलं होतं. "आलं, तर डुक्कर गॅरेजात आणि माझी गाडी उन्हात. दुसऱ्याच्या पाठीवर बसून आलं, तर विकायचं."

"सुमन, आय चेक्ड एव्हरीथिंग, यार!"

"अहो, मला बघायला आलात तेव्हाही असंच म्हणाला होतात. मी खिडकीतून पहिल्यांदा पाहिली ती तुमची पाठ. गाडी ढकलत होतात!"

वाटेत कोलाची (चेक लोकांनी टेक्सासात आणलेला, सारण भरलेला पाव) खाल्ली. काकूने त्यात लसणीची चटणी भरली आणि दोन संस्कृतींचं एकदाचं भलं केलं. हायवेवर ट्रक आम्हाला असे ओलांडत होते की प्रत्येक ट्रकमागे आम्ही हातभर बाजूला सरकायचो. मला तर वाटतं, निम्मं अंतर आम्ही आडवंच कापलं.

गॅल्व्हेस्टनचा समुद्र चहाच्या रंगाचा निघाला. पेलिकन (गळ्याला पिशवी असलेला पक्षी) डुकराच्या टपावर बसला आणि काकांनी त्याचे चाळीस फोटो काढले. तळलेली कोळंबी खाऊन आम्ही बारा वाजता परत फिरलो. तीच चूक झाली. अल्विन गावाच्या अलीकडे, भर उन्हात, डुकराने दोन उचक्या दिल्या आणि प्राण सोडला.

काकांनी बॉनेट उघडलं. त्यांचा चेहरा गोठ्यातल्या त्या कोंबडीसारखा झाला होता. मी मदत आणायला शेजारच्या पशुखाद्याच्या दुकानात धावले. आता महिनाभर घरात एकच शब्द कानावर पडत होता, त्यामुळे मी काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, "अवर डुक्कर हॅज स्टॉप्ड."

"युवर व्हॉट, हनी?"

मी अभिमानाने भाषांतर केलं. "पिग! व्हेरी बिग पिग. ऑन द रोड. व्हेरी हॉट."

बाईंनी ताडकन फोन उचलला. दहाव्या मिनिटाला पिकअप ट्रक आला: मागे ट्रेलर, ट्रेलरवर म्हैस मावेल एवढा पिंजरा, दोन कुत्री आणि अर्ल नावाचा, कुंभारवाड्यातल्या रांजणाएवढा माणूस. टेक्सासात रानडुकरांनी शेतं उकरून टाकली आहेत आणि अर्लचा धंदाच ती पकडण्याचा.

"व्हेअर्ज द हॉग?" त्याने बंदूक चाचपत विचारलं.

मी गाडीकडे बोट दाखवलं. अर्लने डुकराच्या नाकाडाकडे पाहिलं, टोपी काढली आणि इतका हसला की कुत्री भुंकायची थांबली. म्हणाला, "मॅम, पिंजरा उतरवतो, ट्रेलरवर घालून घरी सोडतो. फुकट. एवढं जुनं डुक्कर मी जन्मात पाहिलं नाही."

झालं! काकूचं काम फत्ते. काका तर गाडीच्या टपावर हात ठेवून निरोपच घेऊ लागले.

काकू खाली उतरली. बर्फाच्या डब्यात आपला नॅपकिन बुडवला, पिळला आणि बॉनेटखाली वाकली. "अहो, पेट्रोलची वाफ झालीय. ओलं फडकं घाला पंपावर! आमच्या अंगणात आईने हेच केलं होतं, म्हणून तुम्ही त्या दिवशी घरी पोचलात."

फडकं घातलं. पाच मिनिटं थांबलो. डुक्कर खोकलं आणि सुरू झालं! पुढे दर दहा मैलांवर त्याला थंड फडकं, आणि मागून अर्ल, त्याची कुत्री आणि रिकामा ट्रेलर, वरातीसारखे.

शुगर लँड आलं. गल्ली आली. घर आलं. आणि गॅरेजपासून पन्नास पावलांवर डुक्कर पुन्हा गप्प. बर्फ संपला होता. अर्ल निमूटपणे दोर घेऊन पुढे झाला.

"नो, अर्ल," काकू म्हणाली. मग आमच्याकडे वळली. "चाकांवर यायचं म्हटलं होतं मी. इंजिनावर म्हटलं नव्हतं."

तिने पदर खोचला, काकांच्या शेजारी उभी राहिली आणि ढकलायला लागली.

कोल्हापूरला परतल्यावर सगळे विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंस? मी सांगते, डुक्कर पाहिलं. लोक चेष्टा समजतात. पण मी खरोखर पाहिल्या त्या दोन पाठी, घामाने भिजलेल्या, शेजारी शेजारी. आणि एवढ्या एका गोष्टीत मी काहीही वाढवून सांगितलेलं नाही. काकूची गाडी आता उन्हात असते.