चिंचेनं घासलेली चकती

पाठक सरांची आणि माझी ओळख मुळ्यावरून झाली. क्रांती चौकाजवळच्या आमच्या संग्रहालयात मी नोकरीला लागले त्या दिवशी सर डबा खाता खाता सांगत होते, की जपानी कारागीर तांब्यावर काळा रंग चढवण्याआधी मुळ्याचा कीस लावतात. मला वाटलं, थट्टा करताहेत. सर कामाची थट्टा करत नाहीत, हे लवकरच कळलं.

जपानी धातुकाम हा सरांचा जन्माचा ध्यास. तलवारींवर बंदी आली तेव्हा तिथल्या कारागिरांनी त्याच हातांनी फुलदाण्या घडवल्या, हे सांगताना त्यांना काळ्या धातूवर चांदी जडवणारे आपले बिदरीवाले हमखास आठवतात. पोलीस ॲक्शननंतर नवाबी संपली, नवाबांचे हुक्के गेले, तरी या कारागिरांनी छिन्नी टाकली नाही. सर त्यांच्याकडे तासन्‌तास बसत.

गंगापूरच्या एका बागायतदार घरानं तलवारीच्या मुठीखाली बसणाऱ्या दोन जपानी चकत्या आम्हाला दिल्या. पहिली सरांच्या उमेदवारीत आली. दुसरी पुष्कळ वर्षांनी त्या घरच्या बबनरावांनी आणली. काळ्याभोर तांब्यावर सोन्याचे बगळे. ती प्रदर्शनात मांडण्याच्या आदल्या दिवशी बबनराव चिंचेची पुडी घेऊन हजर.

"सर, उद्या सगळे सोयरे येणारेत. असं काळंकुट्ट ठिवलं तर म्हणतील, ह्यांच्या घरात भांडी बी घासत नाहीत. घासू द्या, नाय तर मी वापस नेतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी मात्र कपाटातून पहिली चकती काढून त्यांच्या हातावर ठेवली. लालभडक, लखलखीत. तिच्यावरचे बगळे शोधावे लागत होते.

"ही मी घासली, बबनराव. नवा होतो. आमच्याकडे दिवाळीला भांडी चिंचेनंच निघायची. काळं म्हणजे मळ, एवढंच ठाऊक. त्या कारागिरानं तो रंग मुद्दाम आणला होता, बगळे उठून दिसावेत म्हणून."

बबनरावांनी टेबलावरची आपली चकती उचलून तिच्याशेजारी धरली. "लई वंगाळ झालं, सर," ते म्हणाले. "माझी राहू द्या तशीच. पण तुमची बी मांडा. आमच्यासारख्याला कळायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर दोन्ही चकत्या मांडल्या गेल्या. लखलखीत चकतीखाली सरांच्या अक्षरात पाटी होती: 'ही मी घासली', आणि खाली पूर्ण नाव. बबनरावांची चिंच सरांच्या घरी वहिनींनी आमटीत घातली.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. आयुष्यानं त्यांच्यावर चढवलेला रंग असाच टिकावा. शंभरी त्यांनी धडधाकट गाठावी, आणि त्या दिवशीही पाटीशेजारी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं सांगावं, ही मी घासली.