अण्णांचं वाढलेलं वजन

आमचे अण्णा पडदे शिवायचे. नाट्यगृहांचे, हॉटेलांचे, शाळांच्या सभागृहांचे. उभा जन्म सुताच्या धुळीत आणि सिगारेटच्या धुरात काढल्यावर फुफ्फुसांनी हात टेकले यात नवल नाही. जिना चढताना ते प्रत्येक वळणावर बसायचे आणि विचारलं की म्हणायचे, "कठडा हलतोय का ते बघतोय."

मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. आई गेलेली, भावंड नाही. अण्णांना एकटं ठेवून जायचं की नाही, हे डॉक्टरबाई काय म्हणतात त्यावर ठरणार होतं. त्यांनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं की या आजाराचा पुढचा अंदाज एकाच गोष्टीवरून बांधता येत नाही. फुंकर किती जोरात मारता येते, दम कशाने लागतो, सहा मिनिटांत किती चालवतं आणि वजन किती, हे सगळं एकत्र बघायचं. "माणूस सुकायला लागला की मला काळजी वाटते," असंही त्या म्हणाल्या होत्या. अण्णांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

पुढच्या तपासणीला ते जुना लोकरी कोट घालून निघाले. थंडी सोसत नाही म्हणे. काट्यावर वजन चांगलंच वाढलेलं दिसलं आणि स्वारी खूश झाली. मग दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालायला लावलं, तर निम्म्या वेळातच ते भिंतीला टेकले. घामाघूम झाले होते, ओठ निळे पडले होते.

डॉक्टरबाईंनी त्यांचे पाय दाबून पाहिले. "सूज दिसत नाही. पण वजन वाढलंय आणि चालणं घटलंय, म्हणजे अंगात पाणी साठत असेल. हृदयावर ताण आला असेल. आजच दाखल करू."

"नोकरी गेली खड्ड्यात. येत नाही म्हणून कळवून टाकते," मी म्हटलं.

"थांब," अण्णा म्हणाले. त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला, तसा माझा हात खालीच गेला. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या पट्टीत शिशाचे तुकडे शिवतात. ते यांनी कोटाच्या अस्तरात चहूकडे शिवले होते, तेही इतक्या सफाईने की बाहेरून पत्ता लागू नये.

"वजन वाढलेलं दिसलं की तू निर्धास्त जाशील, असं वाटलं."

"आणि तेच ओझं अंगावर घेऊन चाललात? अक्कल गहाण टाकली होती का?" मी भर दवाखान्यात ओरडले. राग तर आलाच होता, पण त्यांच्यासाठी जीवही तुटत होता.

दुपारी, विश्रांतीनंतर, कोटाशिवाय सगळं पुन्हा झालं. चालणं बरं निघालं, वजन मात्र घटलेलं होतं. डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "आजार बरा होणार नाही. खाणं आणि चालणं सांभाळलं तर काही वर्षं चांगली जातील. नक्की किती ते सांगता येणार नाही. आमचे आडाखे पुष्कळ रोग्यांवरून बांधलेले असतात, एकट्या यांच्यावरून नाही."

बाहेर बसथांब्यावर आम्ही बसलो.

"मी जाते," मी म्हटलं. "पण दर महिन्याला इथे येऊन चालून दाखवायचं. किती चाललात ते डॉक्टरबाई मला कळवतील. तुमच्या शब्दावर मी विसंबणार नाही."

"आणि चालणं घटलं तर?"

"नोकरी सोडून परत येईन."

अण्णा माझ्या खांद्याला धरून उठले.

"चल," ते म्हणाले, "बस पुढच्या थांब्यावर पकडू."