परक्या बाळाची नाळ

माझ्या बायकोचे मामा धारला राहतात, आणि स्वतःच्या उजव्या हाताशी इतक्या अदबीनं बोलणारा माणूस उभ्या माळव्यात दुसरा नसेल. त्या हाताला कंपवात आहे, डॉक्टरी भाषेत पार्किन्सन. मामा त्याला आजार मानत नाहीत, बिऱ्हाडकरू मानतात. कप उचलण्याआधी हाताला म्हणतात, "भिया, चहा पिऊ दे जरा." हा भिया, म्हणजे भाऊ, कधीकधी ऐकतो. हात अचानक थांबला की मामाही बोलायचे थांबतात आणि दाराकडे बघतात, जणू कुणी उठून बाहेर गेलं. मी देवासच्या कारखान्यात हिशेब बघणारा माणूस, भुताखेतांशी माझा संबंध नाही, पण त्या वेळी मीही दाराकडे बघतो.

मामांचं पिढीजात काम गौरींचे मुखवटे रंगवण्याचं. कंप सुरू झाल्यापासून त्यांच्या गौरी समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्यावरून मागे बघतात. आमच्याकडे आरती चालू असताना शेजारचे शर्माजी सारखे वळून बघत होते.

"पीछे कौन है?"

"कोई नहीं," मी म्हणालो.

"फिर ये देख किसको रही हैं?"

लोकांनी मुखवटे परत आणले नाहीत, पण नवी मागणीही येईना. मामांना एकच ध्यास लागला: जाण्याआधी सरळ बघणारी एक तरी जोडी काढायची. त्यामुळे देवासात स्टेम सेलचं क्लिनिक उघडल्याचं कळताच त्यांनी मला न विचारता पाच हजार आगाऊ भरले. पुरा खर्च तीन लाख, म्हणजे मामांची सगळी शिल्लक.

"किती जणांना गुण आला? कुणी तपासलं? हे तरी विचारलंत का मामा?"

"फोटो दाखवले त्यांनी."

"फोटो म्हणजे पुरावा नव्हे."

"तुमचा पुरावा माझा ब्रश धरणार आहे का, जावईबापू?"

इंदूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनीही समजावलं की मेंदूत पेशी सोडण्याचे प्रयोग अजून मोजक्या रुग्णांवरच चालू आहेत, आणि या क्लिनिकसारखी कंबरेत सुई टोचून हा आजार हटल्याचं कुणी सिद्ध केलेलं नाही. मामांनी मान हलवली. अर्थात ती तशीही हलते.

ठरल्या दिवशी मी सोबत गेलो. टाय लावलेला एक गोड माणूस समोर बसला. मामांनी विचारलं, "पेशी आती कहाँ से है?"

"नवजात बच्चे की नाल से, अंकल. एकदम ताज़ी."

मामांचा हात थांबला. ते दाराकडे बघू लागले. टायवालाही वळून बघू लागला.

आमच्यात मुलाची नाळ अजून अंगणात पुरतात. नाळ जिथं पुरली तिकडे माणूस जन्मभर ओढला जातो, अशी मामांची पक्की खात्री.

"कौनसे बच्चे की? रहता कहाँ है?"

"अंकल, ये हमको भी पता नहीं रहता."

मामा माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे त्याची नाळ माझ्यात पुरणार. मोठं झालं की ते धारची वाट धरेल, का ते त्याचं त्यालाही कळायचं नाही. तोवर मला जाळलेलं असेल. मग ते कुणाच्या दारात उभं राहील?"

मानेवर गार वारा लागला. एसीचा असावा.

मामा उठले.

"अंकल, एडवांस वापस नहीं होगा!"

"मत दो. उस बच्चे को दे देना. बोलना, धारवाले नाना ने भेजे."

शेवटी दिले गेले ते एवढेच पाच हजार. क्लिनिकनं ते कुठल्या खात्यात टाकले कोण जाणे. मामांच्या लेखी ते बाळाला पोचले. हाताचा कंप वाढलाय, मुखवट्यांचं काम बंद आहे. मामांना आता वेगळीच काळजी आहे. आपण नाही म्हटलं तरी ती नाळ दुसऱ्या कुणात पुरलीच असेल, आणि याआधीही अशा किती पुरल्या गेल्या असतील, असं ते म्हणतात. धारच्या बसस्टँडवर कुणी अनोळखी माणूस पत्ता विसरल्यासारखा उभा दिसला, की मामा थरथरता हात त्याच्या खांद्यावर ठेवतात आणि विचारतात, "बेटा, किसके यहाँ जाना है?"