मास्तरांची हलकी सायकल

आमच्या शेजारच्या मास्तरांनी चांद्याहून नवी सायकल आणली आणि त्याच दिवसापासून तिचं वजन कमी करायला घेतलं. सिंदेवाहीच्या बाजाराचा रस्ता जंगलातून, चढाचा. तिथं सायकल हलकीच पाहिजे, हे त्यांचं पालुपद. आधी मडगार्ड काढले आणि पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन शाळेत जाऊ लागले. स्टँड काढल्यावर सायकल माझ्या चुना दिलेल्या भिंतीला टेकू लागली. घंटी काढली, मग रस्ताभर स्वतःच "हटा, हटा" ओरडायचे. आता या माणसाला काय म्हणावं! शेवटी कॅरियर काढलं, तेही "तुमाले कामात येईन, भाऊ," म्हणत माझ्या सायकलला बसवून दिलं.

पुढच्या बाजारी परतताना मास्तर हलक्या सायकलवर पुढं, आणि त्यांची बायको डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन मागून पायी. मला बघवेना. "बाई, आणा ते इकडं," म्हणून मी गाठोडं कॅरियरवर बांधलं. झालं! त्यानंतर दर बाजारी मास्तर न विचारताच ते माझ्या मागे बांधू लागले.

एकदा ते गाठोडं लादलेली सायकल ढकलत, घामाघूम होऊन मी चढ चढत होतो. मास्तर वर मोहाच्या झाडाच्या सावलीत बिडी ओढत बसलेले. मला पाहून त्यांनी कळवळून मान हलवली.

"किती बार सांगून राह्यलो, भाऊ, तुमची सायकल लय जड हाये. काऊन आयकत नाई?"