पायथ्याची जागा

शहाद्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा मायने दशम्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. आबा खिडकीखाली उभे. अशा वेळी बाकीचे वडील नीट खा, जपून राहा असं काहीतरी सांगतात. आमच्या आबांनी सांगितलं, "कोनाघर गया ते पायथाकडे बसानं. त्यासनी सांगं, तवयच उशाकडे जानं." शेजारचा प्रवासी हसला. मी मात्र मान डोलावली, कारण आमच्या घरात सभ्यपणाचा एवढा एकच धडा होता.

म्हसावदला, आमच्या गावी, घराच्या ओट्यावर खाट असते. तिची उशाकडची बाजू पाहुण्याची, पायथ्याकडची घरच्याची. शाळेतले गुरुजी येवोत की भांडी विकणारी बाई, आबा झटकन पायथ्याकडे सरकायचे. घरची केळीची बागायत, गावात चार लोक सल्ला विचारायला येणारे, पण स्वतःच्या खाटेवर हा माणूस दिवसा क्वचितच उशाकडे टेकला असेल. भाऊबंदांना ते खपत नसे. आबा नुसते हसायचे.

तुम्हा गावाकडच्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण हे शिक्षण घेऊन चाकणच्या कंपनीत नोकरी करून बघा! मीटिंग रूममध्ये खाट नसते, लांबलचक टेबल असतं. मी पहिल्या दिवसापासून दाराजवळची खुर्ची धरली. लोकांना वाटलं, हा चहा सांगायला बसलाय. मग अप्रेझलमध्ये मॅनेजर मॅडम म्हणाल्या, काम उत्तम आहे, पण कॉन्फिडन्स दिसत नाही, जरा पुढे बसत जा. आबांच्या शिकवणीने माझं इन्क्रिमेंट खाल्लं होतं! हळूहळू इथलाही सभ्यपणा शिकलो. आधी फोन करून जायचं, 'थँक्यू' म्हणायचं, कुणाचा वेळ खायचा नाही. तेही काही वाईट नाही, मी मनापासून पाळतो. पुढच्या खुर्चीवर बसू लागलो आणि टीम लीड झालो.

ती बातमी घेऊन घरी गेलो आणि घात झाला. ओट्यावर पाऊल ठेवताच आबांनी गोधडी झटकली, मला उशाकडे बसवलं आणि स्वतः पायथ्याशी सरकले. मायने ताटलीत ठेवून पाण्याचा ग्लास आणला आणि विचारलं, "चहा लेशी का?" या घरात मला चहा कधी कुणी विचारला नव्हता. तो यायचा, मी प्यायचो. "आबा, मी पाहुना शे का?" म्हटलं, तर म्हणाले, "आते तू साहेब शे." मी हसलो, पण आतून चरकलो. प्रमोशन मिळवताना घर हातचं गेलं की काय! पुढे दर सुट्टीत हीच ओढाताण. मी पायथ्याकडे सरकायचो, ते मला उशाकडे ढकलायचे.

या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी हार मानून उशाकडेच बसलो होतो. तेवढ्यात फाटकातून एक म्हातारबाबा आले, खांद्यावर आंब्यांची टोपली. आमच्या शेतावर राबणाऱ्या सालदाराचे सासरे, सातपुड्यातल्या पाड्यावरून लेकीला भेटायला आलेले. ओट्यापाशी थबकले, डोक्याचं फडकं सोडून जमिनीवर अंथरू लागले. "मी खालेच बसस," म्हणाले.

"खाले काबर?" आबा ताडकन उठले. मग माझ्याकडे वळून, शाळकरी पोरावर ओरडावं तसे ओरडले, "ऊठ रे! पाहुनासले बसू दे. जाय, पानी लय!"

एवढ्या आनंदाने मी आजवर कुठलीच जागा सोडलेली नाही. बाबा उशाकडे बसले, आबा पायथ्याकडे. मी पाणी आणलं, टोपली उतरवून घेतली आणि ओट्याच्या पायरीवर बसून उगाच हसत राहिलो. थोड्या वेळाने मायने चहाचा कप हातात दिला, काही न विचारता.

पुण्यात मला 'बसा सर' म्हणणारे आता पुष्कळ आहेत. 'ऊठ रे' म्हणणारं घर एकच, आणि ते अजून माझंच आहे.